शंभरातले पावणेचार

पर्वतीच्या पायथ्याशी ज्याचं घर आहे, त्याला दम लागायला लागला की तो आधी पायऱ्यांना बोल लावतो. बाबा म्हणाले, मधल्या दुरुस्तीत कॉन्ट्रॅक्टरने पायऱ्या उंच करून ठेवल्यात. आम्ही हसलो.

पायऱ्या एकशे तीन. बाबा ७८ वर्षांचे, आणि त्यातली चाळीसेक वर्षं त्यांनी त्या रोज सकाळी चढलेल्या. नोकरी आयुर्विमा महामंडळात, शिवाजीनगरच्या ऑफिसात, विम्याचे प्रस्ताव तपासायच्या खात्यात. त्यामुळे आकडा दिसला की टिपून ठेवायचा ही खोड. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर 'दूध नाही', 'सिलिंडर आला' याच्या खाली बारीक अक्षरात 'प. ६२' असं काहीतरी दिसायचं. मला वाटायचं गोळ्यांची खूण असेल. नंतर उलगडा झाला : पर्वती, बासष्टाव्या पायरीला थांबलो. मार्चमध्ये ६२, मे संपताना ४४, जुलैत २७. मग एके दिवशी नुसतं 'प.' आणि पुढे आडवी रेघ. आपल्याच घसरणीचा तक्ता हा माणूस चार महिने मांडत होता आणि कुणाला एका शब्दाने बोलला नव्हता.

बोलले तेही नाइलाजाने. भाजी घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते कांद्याच्या पोत्यावर बसले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तिथून हलवलाच नाही. "मर्मर आहे, हृदयातून जादा आवाज येतोय. उद्याच टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या."

एकोच्या कागदावर एओर्टिक स्टेनोसिस, सिव्हियर, असं होतं. हृदयातून सगळ्या शरीराला रक्त जातं त्या दारावरची झडप कॅल्शियम साचून कडक झालेली. निरोगी माणसात ते दार तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडतं, बाबांचं ०.७ उघडत होतं. एवढ्याशा फटीतून रक्त सेकंदाला ४.४ मीटर वेगाने बाहेर पडत होतं. ४ च्या वर गेलं की आजार तीव्र समजतात. पंपिंग मात्र ५५ टक्के, म्हणजे हृदयाने अजून कच खाल्ली नव्हती. औषधाने ही झडप मऊ होत नाही. बदलावी लागते.

पहिल्या हॉस्पिटलचा अनुभव फार सांगण्यासारखा नाही. डॉक्टरांनी सात मिनिटं दिली. मी विचारलं, रिस्क किती? "रिस्क असतेच हो ताई, रस्ता क्रॉस करतानाही असते." मग एका खोलीत पाठवलं. तिथे एका मुलीने टेबलावर पॅकेजचा कागद सरकवला : ट्विन शेअरिंग, सिंगल डिलक्स. बाबांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही नाही हे बघून परत दिला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "रस्ता क्रॉस करताना किती टक्के असते, ते तरी सांगायचं."

त्या रात्री मी कोथरूडला माझ्या घरी आणि धाकटा भाऊ हिंजवडीला त्याच्या घरी, दोघंही एकाच उद्योगाला लागलो. झडपेच्या शस्त्रक्रियेत माणूस दगावण्याची शक्यता सांगणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर कुणालाही उघडता येतात. डॉक्टरांसाठीच केलेले असतात, पण दारावर कुणी पहारा देत नाही. एक अमेरिकेतल्या थोरॅसिक सर्जन्सच्या सोसायटीचा, त्याला एसटीएस म्हणतात. दुसरा युरोपातला, युरोस्कोर २. दुसरा सोपा, अठरा प्रश्न. वय, स्त्री की पुरुष, किडनी, फुप्फुसं, मधुमेहाला इन्सुलिन लागतं का, पूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालंय का, दम किती लागतो, हृदयाचं पंपिंग किती, फुप्फुसातला दाब किती, ऑपरेशन घाईचं आहे का. उत्तरं टाकली की खाली एक टक्का येतो.

मला ८.१ टक्के आले. भावाला १.६.

रात्री साडेबाराला आम्ही फोनवर भांडलो. तो म्हणाला, तू रडत रडत फॉर्म भरलास. मी म्हणाले, तू सेल्सच्या माणसासारखा भरलास. दोघांचंही बरोबर होतं. दम किती लागतो या प्रश्नाला मी सगळ्यात वरची पायरी निवडली होती, म्हणजे बसल्या जागीही दम. बाबांना तसा लागत नव्हता, मला ते झोपेत धापा टाकताना दिसत होते एवढंच. गुडघे दुखतात म्हणून 'हालचालीवर गंभीर मर्यादा' या चौकोनात खूण केली होती. आणि 'घाईचं' हेही निवडलं होतं, कारण मला घाई झाली होती. भावाने बाकी सगळं नीट भरलं, पण रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम कळतं, ते १.४ पाहून किडनी नॉर्मल लिहिली. लॅबच्या कागदावर त्या १.४ पुढे एक छोटासा बाण होता, तो त्याने सोडून दिला.

माणूस तोच, रिपोर्ट तेच, आणि भरणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे आकडा पाचपट बदलला. हे मला आजही त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भीतीदायक वाटतं.

दुसऱ्या हॉस्पिटलच्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या, आवाज हळू. त्यांनी बाबांना समोरच्या खुर्चीत बसवलं, मला बाजूच्या. प्रश्नही बाबांनाच विचारले. "काका, एका मजल्याचा जिना न थांबता चढता का?" "इनहेलर रोज घेता की लागेल तेव्हा?" प्रत्येक उत्तरानंतर त्या कॉम्प्युटरवर एक खूण करत होत्या. क्रिएटिनिनपाशी थांबल्या.

"हा १.४ फसवा आहे. काकांचं वजन ५८. बारीक माणसाच्या अंगात स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन कमीच दिसतं. म्हणून वय आणि वजन घालून हिशोब करतात. १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन."

बाबांनी खिशातून पेन काढलं होतंच. रिपोर्टच्या पाकिटावर त्यांनी मांडलं : ६२ गुणिले ५८, ३५९६. खाली १००.८. "पस्तीस पूर्णांक सात."

"बरोबर. ५० च्या खाली म्हणजे किडनीचं काम बरंच कमी. या एका ओळीने आकडा दुपटीहून जास्त वाढतो."

सगळं भरून झाल्यावर त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. ३.७.

"शंभरातले पावणेचार," बाबा म्हणाले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला कॅल्क्युलेटरपुढे बसून दोन तासांत सुचला नव्हता. "हे टेबल कुणावरून बांधलंय?"

डॉक्टर जरा सावरून बसल्या. "२०१० सालचे पेशंट. ४३ देशांतली १५४ हॉस्पिटलं, बावीस हजारांवर माणसं. प्रसिद्ध झालं २०१२ मध्ये."

"म्हणजे जुनं झालं."

"झालं. याच्या आधीचं तर १९९५ च्या पेशंटवरून होतं. २०१० मध्ये ताडून बघितलं तेव्हा जुनं कोष्टक साडेसात टक्के मृत्यू सांगत होतं, प्रत्यक्षात झाले होते ३.९. ऑपरेशनं सुधारली, कोष्टक तिथेच राहिलं. म्हणून नवीन केलं."

बाबांचा चेहरा एकदम खुलला. कुणीतरी आपल्या गावचं भेटावं तसा. "आमच्याकडे ओरिएंटल पंचवीस-पस्तीस होतं! १९२५ ते ३५ मधल्या विमेदारांच्या मृत्यूंचं टेबल. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं हप्ते त्याच्यावरून. माणसं जास्त जगायला लागली, टेबलातली आपली जुन्याच वयात मरत होती." मग ते ईएमआरवर गेले, म्हणजे विमेदाराच्या जादा धोक्याच्या गुणांवर. वजन जास्त तर इतके गुण, रक्तदाबाचे इतके, वडील लवकर गेले असतील तर इतके. सगळी बेरीज करून प्रस्ताव स्वीकारायचा, जादा हप्ता लावायचा की परत पाठवायचा. "म्हणजे आज तुम्ही माझा प्रस्ताव तपासताय."

बाहेर पेशंट ताटकळलेले, आत हे दोघं टेबलांवर बोलतायत. मी दोनदा घड्याळ बघितलं. पण खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते कुठल्याच कागदावरून कळलं नसतं.

पहिलं म्हणजे 'लवकर मृत्यू' याची व्याख्या. मी आपली समजत होते, ऑपरेशननंतर लवकर म्हणजे लवकर. तसं नाही. युरोस्कोर २ मोजतो तो त्याच हॉस्पिटलात, घरी सोडण्याआधी झालेला मृत्यू. एसटीएस मोजतो तो तीस दिवसांतला, माणूस कुठेही असो, आणि हॉस्पिटलातच असेल तर तीस दिवसांनंतरचाही. बाबांनी लगेच फट शोधली. "म्हणजे डिस्चार्ज घेऊन घरी गेलो आणि एकतिसाव्या दिवशी गेलो, तर दोघांच्याही हिशोबात मी जिवंत?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. हसल्या नाहीत.

दुसरं असं की ही दोन्ही कोष्टकं छाती उघडून केलेल्या ऑपरेशनची. बाबांसाठी दुसरा पर्यायही होता, टावी. मांडीच्या धमनीतून नळी घालून, गुंडाळलेली नवी झडप हृदयापर्यंत न्यायची आणि जुन्या झडपेच्या आतच उघडायची. पहिली टावी फ्रान्समध्ये रुआँ इथे आलँ क्रिबिये यांनी १६ एप्रिल २००२ रोजी केली. टावीसाठी वेगळी कोष्टकं झाली आहेत. अमेरिकेतल्या नोंदणीतल्या तेरा हजारांवर पेशंटवरून २०१६ मध्ये एक केलं. त्यात वय, किडनी, डायलिसिस, दमाची शेवटची पायरी, फुप्फुसाचा गंभीर आजार, नळी पायातून जाणार की दुसरीकडून, आणि घाई किती, एवढंच. "पण एवढं करूनही," डॉक्टर म्हणाल्या, "कोण जास्त धोक्यात आणि कोण कमी, हे ही कोष्टकं बरी ओळखतात, छान नाही. आणि यातलं कुठलंच खास आपल्याकडच्या माणसांवरून बांधलेलं नाही."

बाबांनी विचारलं, "मग मी पावणेचारातला की सव्वाशहाण्णवातला?"

"ते हे सांगत नाही, काका."

"माहितीये. आम्हालाही नाही सांगता यायचं."

काहीच केलं नाही तर काय, हे मात्र मी विचारलं. त्यांनी २०१० सालच्या एका मोठ्या चाचणीचं सांगितलं. त्यात ऑपरेशन झेपणारच नाही अशीच माणसं घेतली होती. नुसत्या औषधावर ठेवलेल्यांपैकी निम्मी वर्षाच्या आत गेली, टावी केलेल्यांपैकी ३१ टक्के. "काका त्यांच्याइतके खंगलेले नाहीत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण अंधारी यायला लागली म्हणजे थांबण्यातही धोका आहे आणि तो पावणेचारहून खूप मोठा आहे."

मग त्या म्हणाल्या, "आता जे कॅल्क्युलेटरमध्ये नाही ते बघू. चला, उठा."

फिजिओथेरपीच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या दोन रेघा होत्या, मध्ये पाच मीटर. फिजिओची मुलगी पंचविशीची, हातात स्टॉपवॉच. "आजोबा, रोज चालता तसं चालायचं. पळायचं नाही." बाबांनी शर्ट खोचला. चप्पल काढू का विचारलं. मग परीक्षेला बसल्यासारखे निघाले, मान ताठ, हात हलवत. चौथ्या मीटरला पाऊल किंचित घसटलं. मुलगी म्हणाली, "आजोबा, हे रोजचं नव्हतं. पुन्हा." तीन वेळा केलं : ६.८, ६.५, ६.६. सहा सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद धरतात. पर्वती रोज चढणाऱ्या माणसाला ते लागलं. माझ्याकडे न बघता त्यांनी चप्पल घातली.

मग हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायचं. सतरा सेकंद लागले, पंधराच्या आत हवे होते. मग स्मरणशक्ती. तीन शब्द लक्षात ठेवा, आणि शंभरातून सात सात वजा करा. पाच वेळा केलं की पुरतं. बाबा थांबेनात. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... त्या मुलीने "बास आजोबा" म्हटलं तरी ते सोळा, नऊ, दोन करून थांबले. मगाचचा चालीचा अपमान त्यांनी तिथे भरून काढला.

चाल वेगळी मोजतात. बाकीची ही चार गोष्टींची तपासणी वृद्धांच्या झडपेच्या उपचारांसाठी केलेली आहे, २०१७ साली प्रसिद्ध झाली : खुर्चीतून उठणं, बुद्धी, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. पाचापैकी गुण, जितके जास्त तितका माणूस कमकुवत. बाबांचं हिमोग्लोबिन ११.६, पुरुषाला १३ हवं. अल्ब्युमिन ३.३, साडेतीन हवं. तीन गुण झाले. तीन आणि वर म्हणजे वर्षभरातला धोका बराच वाढलेला.

मी खचले. डॉक्टर उलट बोलल्या. "वय मला कमी करता येत नाही. किडनीही नाही. पण यातल्या दोन गोष्टी थोड्या तरी हलवता येतील. तीन आठवडे द्या."

तीन आठवडे आणि पितृपक्ष एकत्र आले. नातेवाइकांकडून सूचना येतच होत्या की या पंधरवड्यात ऑपरेशन नको. आम्ही मोठ्या आज्ञाधारकपणे "बरं" म्हटलं. रक्त कुठून कमी होतंय ते बघायला तपासण्या झाल्या, कारण या आजारात आतड्यातून बारीक रक्तस्राव होऊ शकतो. तसा सापडला नाही. लोहाची सलाईन दिली. किडनी सांभाळून प्रथिनं किती घ्यायची ते आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलं, आणि ज्या घरात अंडं शब्दही हळू आवाजात उच्चारला जायचा तिथे रोज सकाळी दोन पांढरे उकडून बशीत येऊ लागले. बाबा ते मीठ-मिरी न लावता, औषधासारखे गिळत. दिवसातून तीनदा खुर्चीतून उठा-बसा. कालनिर्णयवर आता 'खु. १७', 'खु. १६' असं दिसायला लागलं.

मधल्या काळात आत्या राहायला आली. तिला तिशीत असताना, नव्वदच्या दशकात, झडप बसवलेली. लहानपणी सांधेतापाने तिची मायट्रल झडप खराब झाली होती. तिची तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली, चित्रा व्हॉल्व्ह. ही झडप १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसात बसवली. रात्री शांत झालं की आत्याच्या छातीतली टिकटिक ऐकू येते, आम्ही लहानपणी कान लावून ऐकायचो. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची तपासणी. टक्क्यांची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "मला कुणी टक्के सांगितले नाहीत बाई. सर्जन म्हणाले, बसवून टाकू. मी म्हटलं, टाका." मग जरा वेळाने, भाजी निवडता निवडता, "सांगितले असते तर मी पळून आले असते." तिच्या या वाक्यावर मी पुष्कळ दिवस घुटमळत राहिले. बाबांना आकडा कळल्याने धीर आला, आत्याला न कळल्याने. बहीणभाऊच ना?

हार्ट टीमची बैठक आमच्याशिवाय झाली. हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ, सीटी बघणारे डॉक्टर. सीटीला रंग टोचायचा म्हणून किडनीसाठी आधी सलाईन, नंतर सलाईन. पायाच्या धमन्या पुरेशा रुंद निघाल्या. नंतर सर्जन स्वतः भेटायला आले, हे मला आवडलं. म्हणाले, "मी करू शकतो. कागदावर काका बसतात. पण छाती उघडून, हृदयाचं काम करणाऱ्या पंपावर घेतलं तर ही किडनी, ही फुप्फुसं आणि ही चाल, तिघांना एकदम सांभाळावं लागेल. त्यांना उठून बसायलाच महिना जाईल. मला विचाराल तर टावी." युरोपच्या मार्गदर्शिकेत २०२१ मध्ये टावीसाठी पंचाहत्तरीची रेघ होती, ती २०२५ मध्ये सत्तरीवर आणली, हेही त्यांनीच सांगितलं. एसटीएसचा आकडाही त्यांनी काढला होता, साडेचारच्या आसपास. चारच्या खाली कमी धोका, चार ते आठ मध्यम. "पाव-अर्ध्या टक्क्याने खाना बदलतो, माणूस बदलत नाही," असं म्हणून ते गेले.

पैशाचा विषय लांबवत नाही. टावीचं एस्टिमेट उघड्या शस्त्रक्रियेच्या जवळपास चौपट होतं. वापीला बनणारी स्वदेशी झडप घेतली तरीही. विम्याने काही भाग उचलला, बाकी भावाने आणि मी. आयुष्यभर लोकांचे विम्याचे प्रस्ताव तपासलेल्या माणसाची स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी अपुरी निघाली, यावर घरात कुणी विनोद केला नाही. झडप गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून करतात हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. बाबा क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "दूध चालतं, मग हे का नको." आत्याला ते आजतागायत सांगितलेलं नाही.

संमतीपत्र सहा पानांचं. पक्षाघात, रक्तस्राव, पेसमेकर लागणं, धमनीला इजा, ऐनवेळी छाती उघडावी लागणं, मृत्यू. प्रत्येक पानावर सही. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, एके ठिकाणी शुद्धलेखनाची चूक पेनाने दुरुस्त केली आणि सहीखाली तारीख घातली. साक्षीदाराच्या रकान्यात मी.

दसरा होऊन आठवडा उलटला होता. सोमवारी सकाळी आठला त्यांना कॅथलॅबमध्ये नेलं. झडप फुगवताना हृदय मुद्दाम इतक्या वेगाने पळवतात की क्षणभर ते रक्त फेकतच नाही, म्हणजे झडप जागेवरून सरकत नाही. हे मला आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि सांगायला नको होतं. बाहेरच्या खुर्चीत बसून मी त्या क्षणाची वाट बघत होते, तो कधी येऊन गेला ते कळणं शक्यच नव्हतं. भाऊ चहा आणत होता, कुणी पीत नव्हतं. ३.७ चा त्या वेळी काही उपयोग झाला का? नाही. आकडा डॉक्टरांच्या खोलीत कामाचा होता. त्या खुर्चीत फक्त दार होतं.

सव्वा तासाने डॉक्टर बाहेर आल्या. अंगठा वगैरे काही दाखवला नाही, म्हणाल्या, "बसली. लीक नाही." पुढे एक दिवस ईसीजीत बदल दिसला म्हणून तात्पुरता पेसमेकर ठेवला, दुसऱ्या दिवशी काढला. क्रिएटिनिन १.७ पर्यंत गेलं, मग उतरलं. पाचव्या दिवशी घरी. युरोस्कोरच्या हिशोबात बाबा तिथेच पास झाले.

एसटीएसच्या हिशोबाला अजून पंचवीस दिवस होते. ते कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण घरातल्या प्रत्येकाला तारीख पाठ होती. दिवाळी झाली. पहिल्या आंघोळीला बाबांना पाटावर बसवलं नाही, स्टुलावर बसवलं. आत्या नरकासुराचं कारीट फोडताना त्यांच्या अंगठ्याकडेच बघत होती.

तिसाव्या दिवशी, नोव्हेंबरच्या १२ तारखेला, सकाळी भाऊ त्यांना हयातीचा दाखला द्यायला घेऊन गेला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचं ते वार्षिक काम. दुपारी घरी आल्यावर हॉस्पिटलातून फोन आला. नोंदवहीसाठी तिसाव्या दिवसाची चौकशी करणारी सिस्टर. फोन मी उचलला होता, बाबांनी हात पुढे केला.

दम लागतो का? नाही. पायावर सूज? नाही. पुन्हा कुठे अॅडमिट? नाही. मग बाबाच म्हणाले, "सिस्टर, मुख्य रकाना राहिला. त्यात लिहा, हयात."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"अलाइव्ह. हो, हो. आजच सकाळी एका ठिकाणी सही करून आलोय."

संध्याकाळी मी निघताना कालनिर्णयपाशी थांबले. बाराच्या चौकोनात 'ह. दाखला दिला' असं होतं. त्याच्या आदल्या दिवशीच्या चौकोनात, कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला पडू नये इतकं बारीक : 'प. १९'.